रणोबाची ओळ

रतनचे डोळे मिटलेले होते आणि उजव्या हाताची तीन बोटं दगडावर हळूहळू सरकत होती.

"भाला पोटातनं घुसलाय," तो म्हणाला. "टोक पाठीतनं बाहेर. खाली घोडा. घोड्याच्या टापेखाली कुणाचं तरी डोकं. आणि हे काय... हां, हा तुटलेला हात. नुसताच. पलीकडं पडलाय."

"डोळे उघडून बघ की. एवढं लख्ख ऊन आहे."

"उन्हात प्रत्येक खरचटा अक्षरासारखा दिसतो, कुंदे. बोटाला फसवता येत नाही. आता गप. लढाई संपली, अक्षरांची पट्टी सुरू झाली. वही घे."

मी वही घेतली. मोरजाई गावाच्या शिवेवर, चिंचेखाली, पत्र्याच्या छपरात तो दगड उभा होता. पुरुषभर उंचीचा. गाव त्याला रणोबा म्हणायचं. कुणाच्या आठवणीत नसलेल्या काळापासून त्याला तेल-शेंदूर लागत आला होता, त्यामुळे वरून तो नुसता एक केशरी गोळा दिसायचा. आत कोरीव वीरगळ आहे, लढताना मेलेल्या माणसाचा दगड आहे, हे आमच्या सबनीसबाईंनी एका बाजूचा ढलपा निघाला होता तिथून ओळखलं होतं. गरम पाण्यात पिळलेली फडकी लावून आणि बांबूच्या चिपा सारून तीन दिवसांत आम्ही खालचा हातभर भाग मोकळा केला होता. चिपा मी सारत होते. फडकी रतन पिळत होता. त्याच्या हाताला कढत पाणी सोसायचं, माझ्या हाताला नाही.

आम्ही दोघं बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. विद्यापीठाने त्या वर्षी पहिल्यांदाच पदवीच्या मुलांना संशोधनाला घ्यायचं ठरवलं होतं. आठ मुलं, चार विषय, एक वर्षाचा प्रयोग. सबनीसबाई त्यासाठी दोन वर्षं भांडल्या होत्या. बैठकीत एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारलं होतं, "ज्यांना तळटीप कशाशी खातात ते ठाऊक नाही, ती पोरं काय संशोधन करणार? सहली काढतील." बाई म्हणाल्या होत्या, "एक ओळ. आजवर कुणीही न वाचलेली एक ओळ ही मुलं आणतील. नाही आणली तर बंद करा."

ती ओळ आता रतनच्या बोटाखाली होती.

"धा," तो म्हणाला. मी लिहिलं. "र. ना. क." मग बोटं थांबली, मागे आली, पुन्हा तिथूनच गेली. "म. हा. रु."

त्याने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं आणि एकदम हसत सुटला. इतका की त्याला खोकला लागला.

"काय झालं रे?"

"अगं, तुमचा रणोबा आमचा निघाला की."

"माझा कसला? मी या गावची थोडीच आहे."

"तुमचा म्हणजे ह्या समद्यांचा गं. धारनाक महार. नाव बघ की, धारनाक. आमच्या पणज्याचं नाव सुभानाक होतं. आज्जी सांगायची, असल्या देवाच्या छपरात आम्हाला पाऊल टाकता यायचं नाही. नारळ लांबनं फेकायचा. फुटला तर देवाला पावला, नाही फुटला तर शिव्या." त्याने दगडावर थाप मारली, जुना मित्र भेटल्यासारखी. "आणि आत कोण बसलाय? आमचाच माणूस!"

"पुढं वाच. पुढं वाच ना."

त्याने डोळे मिटले. "गा. इ. का. र. णें. प. डि. ला." दम घेऊन पूर्ण म्हणाला, "धारनाक महारु गाइकारणें पडिला. गावाच्या गाई सोडवताना मेला. लिहिलंस?"

"लिहिलं."

"परत वाच."

मी वाचलं. त्याने आणखी एकदा वाचायला लावलं. मग आम्ही ओला कागद पट्टीवर बसवला आणि ठसा घेण्यासाठी शाईचा बोळा तयार केला.

तेवढ्यात मागे तांब्या पडला.

धोंडू गुरव उभा होता. एरवी तो सकाळ-संध्याकाळ यायचा. त्या दिवशी कुणाचा तरी नवस होता म्हणून भर दुपारी आला होता. तीन दिवस आम्ही त्याच्या दोन पूजांच्या मधल्या वेळात काम करत होतो आणि जाताना मोकळ्या भागावर झेंडूच्या माळा टाकत होतो. ती हुशारी माझी होती. त्याची नजर मोकळ्या दगडावर गेली. मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणूस मेल्यावर निघतो तसा होता.

"कवच फोडलं! आरं, देवाचं कवच फोडलं!"

"मामा, परवानगी आहे," मी पिशवीतून कागद काढला. "ही सरपंचांची सही. हा विद्यापीठाचा शिक्का."

"सरपंच देव हाय व्हय?" तो ओरडला. "कौल घेतला का? देवाच्या दोन्ही खांद्याला फूल लावून इचारलं का त्याला? उजवं पडलं का डावं पडलं? बोल की!"

कौल घ्यायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं, रतनला नव्हतं आणि बाईंनाही नव्हतं. आम्ही तहसीलदारापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना विचारलं होतं. फक्त ज्याचं अंग सोलायचं, त्याला आणि त्याला रोज न्हाऊ घालणाऱ्याला विचारायचं राहून गेलं होतं.

धोंडू पळत गावात गेला. "चल, निघू या," मी म्हणाले. "एवढा ठसा होऊ दे," रतन म्हणाला, "दोन मिनिटं," आणि शाईचा बोळा कागदावर टेकवत राहिला. पांढऱ्या कागदावर काळ्यातून अक्षरं उमटत होती. 'ना' उमटला, 'क' उमटला. त्या दोन मिनिटांतच माणसं आली.

पंचवीस-तीस असतील. पुढे सरपंच आबासाहेब, त्यांच्या शेजारी त्यांचा पुतण्या बाजी, हातात बैलगाडीच्या जुवाचा लाकडी दांडका, शिवळ. मी कागद पुढे केला.

"आबासाहेब, तुम्हीच सही केलीत ना?"

आबासाहेबांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी बघायची परवानगी दिली होती. सोलायची न्हाई."

"पोरी, नाव काय तुझं?" बाजीने विचारलं.

"कुंदा."

"म्होरं?"

"जगदाळे."

"मंग हो बाजूला. आपल्यातली हायस, तुला कुणी हात लावणार न्हाई." मग तो रतनकडे वळला. "आन् तुझं रं?"

बाईंनी निघताना रतनला सांगितलं होतं की विचारल्याशिवाय आडनाव सांगू नकोस. आता विचारलं होतं. तो खोटं सांगू शकला असता. त्याने माझ्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं आणि तो सरळ उभा राहिला.

"ओव्हाळ. रतन ओव्हाळ."

पहिला घाव गुडघ्यावर बसला. लाकूड हाडावर बसल्याचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. रतन खाली बसला तशी माणसं त्याच्यावर पडली. लाथा, चपला, मुठी. कुणी त्याचे केस धरून तोंड मातीत घासत होतं, कुणी पाठीवर उभं राहत होतं. ज्यांना जागा मिळत नव्हती ते बाहेरून नुसतेच थुंकत होते. एका म्हाताऱ्याने फडक्याच्या कढत पाण्याची बादली उचलली आणि त्याच्या मानेवर ओतली. रतन तोवर ओरडला नव्हता. तेव्हा ओरडला.

"मी काढलं कवच!" मी किंचाळत होते. "त्याने नाही! मी काढलं, मी! माझी नखं बघा, शेंदूर बघा!"

माझी बोटं खरोखरच केशरी झालेली होती. मी ती सगळ्यांच्या तोंडासमोर नाचवत होते.

"गप, पोरी," एक जण जवळजवळ मायेने म्हणाला. "त्याला वाचवायला खोटं बोलू नगंस."

ओला ठसा कुणीतरी दगडावरून ओरबाडला आणि चुरगळून रतनच्या तोंडात कोंबला. मग बाजीने विचारलं, "कंच्या हातानं शिवलास?"

रतनने उजवा हात पोटाखाली घेतला. तेच त्याचं चुकलं. त्यांना उत्तर मिळालं. तिघांनी तो हात ओढून काढला आणि रणोबासमोरच्या पायरीवर पसरला. तिथे नारळ फोडायचा धोंडा असतो. बाजीने तो दोन्ही हातांनी उचलला.

मी धावले. त्याच्या मनगटाला चावले, दात हाडाला लागेपर्यंत. त्याने मला झटकलं, तशी कुणाची तरी शिवळ माझ्या डाव्या कानावर बसली आणि जगातला अर्धा आवाज बंद झाला. मी पडले. पडल्या पडल्या उरलेल्या कानाने धोंड्याचा आवाज ऐकला. एकदा. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा रतनचा आवाज आला नाही.

"पुरे!" धोंडू गुरव ओरडला. मला वाटलं, त्याला दया आली. "पुरे करा रं! देवाच्या अंगावर रगत उडलं! आता किती दिस धुऊ मी ह्ये?"

त्यावर माणसं थांबली. दगडाच्या खालच्या पट्टीवर, भाला लागलेल्या माणसाच्या पायाशी, ताजं रक्त ओघळत होतं. धोंडूने खांद्यावरच्या उपरण्याने ते पुसायला घेतलं. तो हुंदके देत होता.

दुधाच्या टेम्पोवाल्याने आम्हाला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. कॅनांच्या मधोमध रतनचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्याच्या तोंडातून मी कागदाचे लगदे काढत होते, काळे, लाल. एका वळणावर तो शुद्धीवर आला.

"वही?"

ती माझ्या कमरेला, परकराच्या नाडीत खोचलेली होती. मी त्याचा डावा हात धरून तिच्यावर ठेवला.

"मग झालं," तो म्हणाला. फुटलेल्या ओठांनी तो हसलासुद्धा. "ठसा गेला तर गेला. नाव पूर्ण लिहायचं हां कुंदे. धारनाक."

फौजदार मोरजाईत पोचेपर्यंत दगडावर नवा शेंदूर चढला होता. आधीपेक्षा जाड.

आठव्या दिवशी सबनीसबाईंनी मला विभागात बोलावलं. माझ्या कानाला पट्टी होती, म्हणून त्या उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. मी त्यांच्यावर जीव टाकत असे. मला पहिल्यांदा ग्रंथालयाच्या आतल्या कपाटांपाशी नेणारी बाई ती. "हात लाव, पुस्तकं चावत नाहीत," म्हणणारी.

"रतनचं एक बोट वाचेल म्हणतात," त्या म्हणाल्या. "बाकीची दोन सरळ होणार नाहीत."

"बाई, अहवाल लिहून झालाय. ओळ घातलीय. वहीही जोडलीय."

त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"कुंदा, गावाने देवळाची विटंबना केल्याची तक्रार दिलीय. तुम्हा दोघांवर आणि माझ्यावर. कुलगुरूंकडे काल माणसं आली होती. ती तक्रार मागे घेतील. आपण आपली मारहाणीची मागे घ्यायची. आणि ती ओळ अहवालात नको. वाचता आली नाही, एवढंच लिही."

"का नको?"

"आजवर ते ज्याच्या पाया पडत आले, तो कोण होता हे आपण छापायचं आणि त्यांनी गप्प बसायचं? त्या गावात बारा घरं रतनच्या लोकांची आहेत. उद्या काय होईल त्यांचं?"

"मग नका छापू. पण वाचता आलं नाही असं कसं लिहायचं?"

"योजनेवर परवा बैठक आहे. विरोधातले प्राध्यापक वाटच बघतायत. 'सांगितलं होतं, पोरं आहेत, राडा करून आली.' तुझ्यामागे मुलं उभी आहेत, कुंदा. दरवर्षी आठ. पुढे सोळा, पुढे शंभर. हे दार एकदा बंद झालं तर माझ्या हयातीत उघडणार नाही." त्यांनी माझा हात धरला. "मी सांगते म्हणून लिही."

मी त्यांच्या टेबलावर बसले. मी स्वच्छ, टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'पट्टीवरील अक्षरे झिजलेली असून वाचन शक्य झाले नाही.' खाली सही केली. तिच्या शेजारी दुसऱ्या सहीची जागा होती.

तो कागद मी दवाखान्यात नेला. रतन खाटेवर उशीला टेकून बसला होता, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. डाव्या हाताने सही करायला तो शिकला होता. त्याच सकाळी त्याने दवाखान्याच्या कागदावर केली होती. त्याने अहवाल मांडीवर घेतला. ते पान आलं तेव्हा डाव्या हाताचं बोट त्या ओळीवरून नेलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत.

"अक्षर छान आलंय तुझं," तो म्हणाला आणि कागद मला परत दिला.

सही त्याने केली नाही. मी मागितलीही नाही. तो बरा होऊन गावी गेला तो परत विद्यापीठात आला नाही. माझ्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही. तिसरं मी लिहिलं नाही.

योजना मात्र चालली. आठाची सोळा झाली, सोळाची शंभर. मी पुढे संशोधनाच्या वाटेला गेले नाही. चौतीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलं आणि आता निवृत्तीनंतर ओसरीवर वस्तीतली पोरं येतात त्यांना शिकवते. एका ताटात बारीक वाळू असते. डोळे मिटायचे आणि बोटाने अक्षर काढायचं. चुकलं की वाळू हलवायची, पुन्हा काढायचं. घाई कुणालाच नसते.

गेल्या माघात एक मुलगी आली. ऋतुजा नाव, बी.ए. दुसरं वर्ष, आमच्याच विद्यापीठाची. पोरं वाळूत गुंतली होती. ती त्यांच्यातच मांडी घालून बसली आणि पिशवीतून एक जुना, पिवळा अहवाल काढला.

"आजी, मी पदवीच्या संशोधन योजनेत वीरगळांवर काम करतेय. हा योजनेचा पहिला अहवाल, तुमचा. मी मोरजाईला जाऊन आले. आता तिथे फरशीचं देऊळ झालंय. दगड चांदीच्या पत्र्यात आहे, काहीच दिसत नाही."

"गुरवांना विचारलंस?"

"विचारलं ना. कौल घेतला त्यांनी. डावं फूल पडलं. देव नाही म्हणाला." ती हसली. "मग मी आले परत."

"बरं केलंस."

"मग म्हटलं, तुम्हाला विचारावं. अक्षरं अगदीच झिजली होती का हो? एखादं तरी आठवतं का? आणि इथे दोन नावं आहेत, पण सही एकच कशी?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला असता तर उत्तर तयार होतं. त्याचा हात मोडला होता. ते खरंही होतं.

"त्याचा डावा हात चांगला होता," मी म्हणाले. "सही करता येत होती त्याला. त्याने केली नाही."

मी पोरांकडून ताट मागून घेतलं. वाळू हलवून सपाट केली. डोळे मिटले. तीन बोटांनी नाही, मला ते कधी जमलं नाही, एकाच बोटाने. धा. र. ना. क. ताट भरलं की ऋतुजा टिपून घ्यायची, मी वाळू हलवायची. चार ताटांत ओळ पूर्ण झाली. पोरं शेजारी बसून मोठ्याने अक्षरं लावत होती, "गा... इ... का...", आणि सगळ्यांत धाकटा विचारत होता, "पडिला म्हंजे पडला का, आजी?"

"हो रे. पडला."

ऋतुजाचा चेहरा उतरला होता. वही दाखवा, ती म्हणाली. मी सांगितलं, ती त्याच दिवशी बाईंच्या टेबलावर राहिली, पुढे काय झालं ठाऊक नाही.

"मग पुरावा काहीच नाही."

"नाही."

"मी लिहू कसं मग? अहवालात तर तुम्हीच लिहिलंय की वाचता आलं नाही."

"ते आधी लिही. ते वाक्य खोटं होतं, हे लिही. कुणी लिहिलं, माझं नाव घाल, पूर्ण. त्या गावात धारनाकाच्या लोकांची किती घरं आहेत ते बघून ये, त्यांना विचार, आणि मग काय छापायचं ते तू आणि ती माणसं ठरवा. मी ठरवायचं नाही. पण टिपून आताच ठेव."

तिने पेन उघडलं. "आणि वाचन? वाचन तुमचं म्हणून लिहू?"

शेंदराने रंगलेली माझी बोटं मी त्या दिवशी तीस माणसांच्या तोंडासमोर नाचवली होती. आठ दिवसांनी त्याच बोटांनी लिहायचं होतं, तेव्हा खोलीत एकच बाई होती, आणि ती माझ्यावर माया करणारी.

"वाचन," मी म्हणाले आणि तिचं लिहून होईस्तोवर थांबत थांबत सांगितलं, "रतन सुभाना ओव्हाळ. संशोधक विद्यार्थी. बी.ए., दुसरं वर्ष."